पोळ्यानंतरचं गवत आणि पेट्रोलचं ग्रास कटर

पोळा होईस्तोवर शेतातल्या आखाड्याभोवतीचं गवत कमरेला लागतं. महालक्ष्म्यांना पाव्हणे येणार, म्हणून घाईघाईत तालुक्याला जाऊन दुकानदार देईल ते मशीन आणलं जातं. तसं करू नका. आधी आपल्या जागेत काय उगवलंय ते फिरून बघा.

मशीन निवडताना

अंगणातली हराळी आणि कोवळं गवत नायलॉन दोरीनं निघतं; २.४ मि.मी. जाडीची दोरी पुरते. धुऱ्यावर तरोटा, आघाडा, जून गाजर गवत माजलं असेल तर सरळ दांड्याचं, तीन पात्यांचं ब्लेड बसणारं, ३० ते ३५ सीसीचं मशीन घ्या. अंगठ्याएवढ्या बाभळी असतील तर जास्त दातांचं गोल ब्लेडही लागेल.

टू स्ट्रोक मशीन हलकं असतं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. फोर स्ट्रोकला इंजिन ऑइल वेगळं. वजन थोडं जास्त, धूर कमी. घरातले दोघं-तिघं आणि गडीही मशीन वापरणार असतील तर माझं मत फोर स्ट्रोकला, कारण मिश्रणाच्या चुका टळतात. मात्र दर वेळी मशीन सपाट ठेवून ऑइलची पातळी बघायचीच. कोरडं चाललं की इंजिन जाम होतं. दुकानातच पट्टा गळ्यात अडकवून पाच मिनिटं झुलवून बघा, आणि सुटे भाग जवळ कुठं मिळतात ते विचारा.

पेट्रोल भरताना

टू स्ट्रोकचं प्रमाण माहितीपुस्तिकेत असतं. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, ५०:१ म्हणजे २० मिली. मोटरसायकलचं काढलेलं काळं ऑइल कधीच घालू नका. इंजिन थंड असतानाच भरा आणि मशीन तिथून चार पावलं दूर नेऊन चालू करा.

कापण्याआधी

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच टाळलं जातं. हातात काठी घेऊन गवत झोडत सगळी जागा पायाखाली घाला. घोणस पावलांच्या चाहुलीनं पळून जाईलच असं नाही. ती जागेवरच वेटोळं करून कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत. दगड, तार, बाटल्या वेचून काढा. बागेत ठिबकच्या नळ्या उचलून झाडाच्या खोडाशी घ्या. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. संध्याकाळी मोसंबीला पाणी सोडलं तर एका ओळीत सात कारंजी उडाली.

डोळ्यांवर गॉगल आणि कानात बोळे हवेतच. लेकरं, जनावरं, बघे यांना १५ मीटर लांब ठेवा. सुटलेला खडा डोळा घेऊन जातो. मशीनवरचं संरक्षक झाकण अडचण होते म्हणून काढू नका.

कापताना

बहुतेक मशीनचं डोकं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झुलवा; कापलेलं गवत डावीकडे पडत जातं. ब्लेडचा पुढचा उजवा भाग दगडाला किंवा खुंटाला लागू देऊ नका, मशीन जोरात उलटा झटका देतं. उंच गवत एका दमात बुडातून घेऊ नका. आधी वरचा अर्धा भाग, मग बूड. पाऊस पडून गेल्यावर लगेच कापायला गेलात तर ओलं गवत मशीनच्या डोक्याला गुंडाळतं. ते काढायचं तर आधी मशीन बंद.

रोपांच्या बुडाशी वीतभर जागा खुरप्यासाठी सोडा. दोरीनं साल गोल सोलली गेली की तरणं झाडही वाळतं. जनावरांच्या वैरणीचं गवत दोरीनं कापू नका. नायलॉनचे तुकडे चाऱ्यातून पोटात जातात. तिथं ब्लेड वापरा, नाहीतर आपला विळा बरा. गाजर गवत फुलावर येण्याआधी कापा, तोंडाला फडकं बांधा. त्याच्या परागांनी खाज आणि दम्याचा त्रास होतो. ते बुडातून पुन्हा फुटतं, म्हणून घराजवळचं तरी वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, मुळासकट उपटा.

काम झाल्यावर

झाकणाखालचं गवत खरवडा, एअर फिल्टर झटका. साधारण २५ तासांनी गिअरपेटीत ग्रीस भरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. म्हणून महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवा आणि मगच ते माळ्यावर टाका.