कशी वाटली, असं विचारू नका

तुमची वेबसाइट तयार झाली की लिंक मित्राला जाते आणि तो म्हणतो, "लई भारी." या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. नवखे इथंच फसतात, म्हणून हे जरा लांबवून सांगतो.

मत मागू नका, काम सांगा. समजा, लातूर बाजार समितीचे भाव दाखवणारी साइट आहे. ज्यांच्या घरात सोयाबीन पडून आहे, त्यांच्याच मोबाइलवर ती उघडा आणि म्हणा, "मामा, कालचा सोयाबीनचा भाव काढून दाखवा बरं." मग गप्प. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे मेनू लपलाय हे त्यांना ठाऊक नसेल, तर ते तिकडं फिरकणारच नाहीत. तुमचा हात शिवशिवेल. तरी "इथं दाबा" म्हणालात की चाचणी वाया गेली, कारण घरी साइट उघडताना तुम्ही शेजारी नसणार. बोट कुठं अडलं, मागं कुठून फिरले, एवढं वहीत टिपा. "माझंच चुकलं वाटतं," असं म्हणाले तर लगेच सांगा, "तुमचं नाही मामा, साइटचं चुकलं." नाहीतर पुढं संकोचानं हातच लावत नाहीत.

माणसं किती? पाच पुरेत, साइट वापरायला किती सोपी याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली हाच आकडा मांडला. पाचांवर तपासा, दुरुस्त करा, पुन्हा नवे पाच. मात्र शेतकरी आणि आडते दोघंही साइट वापरणार असतील तर दोघांची चाचणी वेगळी घ्या. खऱ्या माणसांऐवजी काल्पनिक ग्राहकाचे रंगीत तक्ते भरायला लावणारे कोर्स मला तरी पैशाची नासाडी वाटतात.

कोडिंग कच्चं असलं तरी घाबरू नका, निम्म्या दुरुस्त्या किरकोळ निघतात. देवनागरीची लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.६ पट आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा; फिकट राखाडी अक्षरं उन्हात दिसत नाहीत. बटण ४४ पिक्सेलपेक्षा बारीक नको. फॉर्मच्या रकान्यातला फाँट १६ पिक्सेलखाली गेला की आयफोन स्वतःच झूम करतो.

आकड्यांचं मात्र सांभाळा. कुणी मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाकला, तर जावास्क्रिप्टचा (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या भाषेचा) अंक ओळखायचा नेहमीचा पॅटर्न, \d, तो ओळखत नाही आणि बरोबर नंबरालाही "चुकीचा" म्हणतो. कोडनं नंबर तपासण्याआधी ते आकडे इंग्रजीत बदलून घ्या.