टाचेची बीएमडी टेस्ट: रेडिएशन नाही हे खरं, पण करायची कशी आणि रिपोर्टचं करायचं काय

नागपुरात कुठे ना कुठे फ्री बीएमडी (म्हणजे हाडांची घनता मोजायचा) कॅम्प सुरूच असतो, कधी मेडिकल स्टोअरसमोर, कधी सोसायटीच्या हॉलमधे, कधी देवळाच्या सभामंडपात. आपली आई, काकू, सासूबाई तिथून रंगीत पट्ट्याचा कागद घेऊन येतात आणि मग घरी दोनच गोष्टी होतात, एकतर घाबरून कॅल्शियमचे डबे येतात नाहीतर "हिरव्यात आलं" म्हणून विषय संपतो. दोन्ही चूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिले.

आधी हे बघा की टेस्टची गरज कोणाला आहे. पाळी गेलेल्या बायका, त्यातही जिची पाळी ४५ च्या आधी गेली किंवा ऑपरेशन करून अंडाशय काढलेत ती. दमा, संधिवात यासाठी तीन महिन्यांपेक्षा जास्त स्टेरॉइड गोळ्या घेणारे. आईवडलांपैकी कोणाचं खुब्याचं हाड मोडलं असेल तर तुम्ही. खूप बारीक अंगाचे, बिडी-सिगरेट, दारूवाले. आणि सांधेदुखीवर कोणाकडून तरी बिननावाच्या पुड्या आणून खाता ना, त्यात बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्या खाणाऱ्यांनी स्वतःला याच यादीत धरावं. आपल्या विदर्भात सिकलसेलचे पेशंट बरेच, त्यांचीही हाडं कमजोर होऊ शकतात, त्यांनी कॅम्पच्या नादी न लागता आपल्या डॉक्टरलाच विचारावं. बाबा लोकांना तर कोणी नेतच नाही, पण सत्तरीनंतर त्यांनाही तपासायला हवं.

गुडघे दुखतात म्हणून ही टेस्ट करायला जाऊ नका. गुडघेदुखी बहुतेकदा सांध्याची झीज असते. हाडं ठिसूळ होताना काहीच दुखत नाही, मोडल्यावरच कळतं, आणि साध्या एक्सरेत दिसेपर्यंत जवळपास ३० टक्के हाड गेलेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे हाडं मजबूत, असंही नाही.

आता टाचेची टेस्ट. यात अल्ट्रासाऊंड असतो, म्हणजे ध्वनिलहरी, एक्सरे अजिबात नाही. टाचेचं हाड आतून जाळीदार असतं, त्यातून लहर किती वेगाने जाते आणि किती दबते हे मशीन मोजतं. जाताना पैंजण, तोरड्या घरीच काढून ठेवा, पाय स्वच्छ धुवून पुसा, तेल-क्रीम लावू नका. ज्या पायाचं हाड आधी मोडलंय किंवा ज्याला सूज आहे तो पाय देऊ नका, दुसरा द्या, कारण सुजेने आकडा बदलतो. थंडीत बाहेरून गार पायाने आला असाल तर थोडं बसून मग टेस्ट करा, टाचेच्या तापमानाचाही फरक पडतो. खुर्चीवर बसून पाय मशीनच्या खाचेत ठेवायचा, टाच मागे नीट टेकली पाहिजे, दोन्ही बाजूंनी जेल लावतात, गार लागतं, पाय हलवायचा नाही. काही मिनिटांत होतं. रांग मोठी असली की कॅम्पवाला घाई करतो, पाय सरकला असं वाटलं तर सरळ म्हणा, भाऊ परत घ्या.

कागदावर टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडापेक्षा आपलं हाड किती कमी-जास्त तो आकडा, छापून येतो आणि इथेच गडबड होते. उणे १ पर्यंत नॉर्मल, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची फूटपट्टी कंबर आणि खुब्याच्या डेक्सासाठी (अगदी कमी एक्सरे वापरून हाडांची घनता मोजायची टेस्ट) वापरतात, टाचेच्या मशीनला ती जशीच्या तशी लागू होत नाही आणि कंपनीगणिक मशीनही वेगळं. माझ्या मावशीचा टाचेचा स्कोअर पिवळ्यात होता आणि डेक्सात कंबरेचा स्कोअर बराच खाली निघाला. म्हणून लालमधे आला किंवा वरच्या यादीतलं एखादं कारण तुम्हाला लागू आहे, तर रंग काहीही असो, डेक्सा करा. नुसत्या टाचेच्या कागदावर कोणी इंजेक्शन सुरू करायला सांगत असेल तर थांबा. टाचेची टेस्ट म्हणजे चाळणी आहे, निदान नाही.

डेक्साच्या रेडिएशनला घाबरू नका प्लीज. आपल्या भोवतीच्या माती-हवेतून एकदोन दिवसांत आपल्याला आपोआप जेवढं मिळतं साधारण तेवढंच ते असतं. गरोदर बाईने मात्र टाळावं. आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नका, आणि नुकताच बेरियम किंवा काँट्रास्टचा स्कॅन झाला असेल तर आधी सांगा. धंतोली-रामदासपेठेकडे सेंटर शोधताना फोनवर स्पष्ट विचारा, "कंबर आणि खुबा दोन्हीचं करता का?" कारण बीएमडी म्हटलं की काही जण टाचेचंच करून देतात.

रेडिएशन नकोच असेल तर रेम्स नावाचा इटलीचा नवीन प्रकार आहे, सोनोग्राफीसारखाच प्रोब फिरवून थेट कंबर आणि खुबा मोजतात. मला तो खरंच आशेचा वाटतो, पण सगळीकडे मिळत नाही, डॉक्टरला विचारूनच जा.

आणि एक फुकट काम घरी बसून होतं. शेफील्ड युनिव्हर्सिटीत तयार झालेलं फ्रॅक्स कॅल्क्युलेटर इंटरनेटवर उघडा, त्यात भारत निवडा, वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, स्टेरॉइड वगैरे भरा, पुढच्या १० वर्षांत हाड मोडायचा धोका टक्क्यात येतो, ४० ते ९० वयासाठी आहे. बीएमडीचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतं, टाचेचा आकडा मात्र त्यात टाकू नका. तो प्रिंट डॉक्टरकडे न्या, सोबत चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पण न्या. व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड करायचं का तेही विचारा, नागपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी आपण स्कार्फ-सनकोट घालून त्यातून पळतच असतो ना.

पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून मनगट किंवा खुबा मोडलाय, किंवा उंची तीनचार सेंटीमीटर कमी झालीये, तर कॅम्पची वाट कशाला बघता, सरळ ऑर्थोपेडिककडे जा. औषध सुरू झाल्यावर फरक पडला का हे टाचेच्या मशीनवर बघू नका, त्यासाठी वर्ष-दोन वर्षांनी परत डेक्सा, आणि तोही शक्यतो त्याच सेंटरच्या त्याच मशीनवर, जुना रिपोर्ट सोबत घेऊन.