उन्हाळ्यात सांडपाण्यावर भाजी घेताय? जेलचे मणी घेण्याआधी हे पाहा

विहिरीने तळ गाठला की नाल्यावर मोटर बसते. नेमके याच दिवसांत नाल्यात पावसाचे पाणी नसते, त्यामुळे शिसे, कॅडमियम, निकेल असलेच तर त्यांचे प्रमाण चढलेले असते. त्यावर उपाय म्हणून सेल्युलोज, स्टार्च किंवा समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटपासून केलेल्या हायड्रोजेलबद्दल, म्हणजे पाण्यातला धातू पकडणाऱ्या जेलच्या मण्यांबद्दल, बरेच शेतकरी विचारतात. (ओलावा टिकवायला मुळाशी घालतात ते जेल वेगळे, त्याची यात गल्लत नको.)

जेल काम करते, पण मोठ्या रानाला पुरत नाही. एकरभर रानात 5 सेंटिमीटर पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागते, आणि मण्यांना धातू पकडायला तास-दोन तास तरी लागतात. शिवाय जड पाण्यात लिटरमागे 50-100 मिलिग्रॅम कॅल्शियम सहज असते. कॅडमियम त्याच्या हजारावा भागही नसते, म्हणून मण्यांवरची बरीचशी जागा कॅल्शियमच अडवते. तेव्हा रोपवाटिकेच्या हौदापुरताच याचा विचार करावा. पाणी आधी निवळून घ्या, नाहीतर मण्यांवर गाळाची साय धरते. सामू (पाण्याची आम्लता, pH) 5 ते 6 असावा. 3 च्या खाली गेला की पकडलेला धातू पुन्हा सुटतो. क्रोमेट (क्रोमियमचे एक रूप) आणि आर्सेनिक पाण्यात बहुधा ऋणभारित असतात आणि अल्जिनेटही ऋणभारितच, म्हणून साध्या अल्जिनेटला ते फारसे दाद देत नाहीत.

तांबे धरलेला मणी निळसर होतो, कॅडमियमने भरलेला मात्र नव्यासारखाच दिसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हौदात येणारे आणि बाहेर पडणारे असे दोन्ही पाणी तपासा. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला 0.01 आणि निकेल 0.2 मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेचे मार्गदर्शन आहे. बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तिच्या तळाशी थोडे नायट्रिक आम्ल असते; घाण समजून ते धुऊन टाकू नका, त्यामुळेच धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही. नमुना जस्ताच्या बादलीने काढू नये, फुकटचे जस्त अहवालात येते.

वापरलेले मणी उकिरड्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, कारण जेल कुजले तरी धातू तसाच राहतो. आम्लाने धुऊन मणी पुन्हा वापरता येतात, पण सगळा धातू त्या धुवणात उतरतो. ते ओतायला शेतात जागा नाही. म्हणून मणी देणाराच वापरलेले मणी परत नेणार असेल, तरच व्यवहार करा.

अहवाल हाती येईपर्यंत त्या पाण्यावर पालक, लेट्यूस घेऊ नका. पालेभाज्या कॅडमियम पानांत साठवतात आणि ते धुऊन जात नाही. या हंगामात तिथे फुलपीक घ्या.