बंडखोर लढवय्यांचे फोटो : या चुका टाळा

म्यानमारचं युद्ध आपल्याकडच्या नवशिक्या छायाचित्रकाराला फार हाताशी वाटतं. मिझोरममध्ये ऐझॉलपर्यंत विमान, पुढे गाडीनं चंफाई, मग सीमेवरचं झोखाथर, आणि तिआऊ नदीपलीकडे थेट म्यानमारचं चिन राज्य. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली. त्यानंतर पलीकडच्या डोंगरांत विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी बंदुका घेऊन उभे राहिले. चेहरे बोलके, उजेड सुंदर, आणि कमांडर पत्रकारांवर खूश. चुका नेमक्या अशाच ठिकाणी होतात. त्यांची किंमत मात्र फोटो काढणारा मोजत नाही.

‘तो हसत उभा राहिला, म्हणजे परवानगी मिळाली’

ही सगळ्यात जुनी चूक आहे आणि रोज नव्यानं होते. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे सरकारविरुद्ध उठून शहर ताब्यात घेणाऱ्या बंडात, बंडखोरांनी १६ मे रोजी व्हाँदोम चौकातला स्तंभ पाडला. त्या अवशेषांपाशी आणि बॅरिकेडांवर त्यांनी ऐटीत फोटो काढून घेतले. ब्रुनो ब्राकहे या छायाचित्रकाराच्या प्लेटांमध्ये ते चेहरे आजही स्वच्छ दिसतात. कुणी जबरदस्ती केली नव्हती, सगळे हौसेनं उभे होते. २१ ते २८ मेच्या आठवड्यात सरकारी फौजांनी शहर परत घेतलं. पुढे माणसं ओळखून काढायला पोलिसांना असेच फोटो कामी आले.

जिंकताना दिलेला होकार हरताना चालत नाही, हे समोरच्या विशीतल्या पोराला सुचणार नाही. ते तुम्हाला सुचायला हवं. त्यात त्याची आई लष्कराच्या ताब्यातल्या मंडाले शहरात असेल तर धोका त्याच्यापेक्षा तिला जास्त. हवा असलेला माणूस सापडला नाही की त्याच्या नातेवाइकांना उचललं जातं, अशा नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्यानमारबद्दल केल्या आहेत.

म्हणून कमांडरची परवानगी ही छावणीत शिरण्याची परवानगी समजावी, चेहऱ्याची नाही. प्रत्येकाला वेगळं विचारा, कमांडरच्या नजरेआड विचारा. दुभाषा गटाच्या प्रसिद्धी विभागातला नको, त्याच्यासमोर नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवा आणि सरळ सांगा: हा फेसबुकवर जाईल, लष्करातली माणसंही बघतील, एकदा बाहेर पडला की मला परत घेता येणार नाही. घरचे कुठे राहतात ते विचारा, पण लिहून ठेवू नका. छापायच्या आधी पुन्हा एकदा विचारा, कारण मधल्या काळात माणूस गट सोडतो, पकडला जातो, घरी परततो. संपर्कच होत नसेल तर चेहरा न दिसणारा फोटो वापरा. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं ज्याला वाटतं त्यानं लग्नाचे फोटो काढावेत, त्यात पैसेही बरे मिळतात.

‘लोकेशन बंद केलं, आता काळजी नाही’

डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरसवाल्या फरार जॉन मॅकाफीबरोबर फिरणाऱ्या पत्रकारांनी त्याचा फोटो टाकला. फोटो आयफोनचा होता आणि फाइलमध्ये ग्वाटेमालातले अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. वाचकांनी ते लगेच शोधून काढले. हा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे, म्हणून फोनचं लोकेशन सगळे बंद करतात आणि तिथेच थांबतात.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्यात जीपीएस नसलं तरी निकॉनचं स्नॅपब्रिज किंवा कॅननचं कॅमेरा कनेक्ट फोनकडून ब्लूटूथवर लोकेशन घेऊन फाइलमध्ये लिहू शकतं. सीमेवर जाण्याआधी कॅमेरा आणि फोनची जोडणी तोडा. दुसरी, फाइलमध्ये कॅमेऱ्याचा सीरियल नंबर आणि वेळ असते. नंबरावरून तुमचे दोन वेगवेगळ्या नावांनी छापलेले फोटो एकमेकांशी जोडता येतात. वेळ आणि सावली मिळून दिशा सांगतात. बाहेर द्यायच्या प्रतीतून एक्झिफटूल या सॉफ्टवेअरनं फाइलमध्ये दडलेली सगळी माहिती पुसा. पण ‘सगळी’ म्हटलं की तुमचं नाव आणि कॅप्शनही जाते, ती नंतर हातानं भरा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून ही माहिती निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये मात्र ती तशीच जाते. ‘क्वालिटी जाऊ नये’ म्हणून सगळे नेमकं तेच करतात.

आणि हे सगळं करूनही मागचा डोंगर बोलतोच. २०१४ मध्ये आयसिसनं मोसुलजवळच्या प्रशिक्षण तळाचे फोटो स्वतःच टाकले आणि बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटानं पार्श्वभूमीतल्या खुणा उपग्रहचित्रांशी जुळवून तो तळ शोधला. चिन टेकड्यांत तर काम आणखी सोपं. डोंगराची कड, चर्चचा मनोरा, मोबाइल टॉवर, नदीचं वळण, यातल्या दोन खुणा पुरतात. विमानं लष्कराकडेच आहेत. जानेवारी २०२३ मध्ये चिन नॅशनल फ्रंट या बंडखोर गटाच्या कॅम्प व्हिक्टोरिया या मुख्यालयावर बॉम्ब पडले, तेही भारताच्या सीमेला लागून.

उपाय फोटो काढतानाच करायचा असतो. २४ मिमी लेन्स आणि एफ/८ म्हणजे मागची कड काचेसारखी स्पष्ट. त्याऐवजी ८५ मिमी, एफ/२, माणसामागे जवळची भिंत किंवा झाडोरा, आणि चौकटीत आकाश नाही. ‘पण जागेचा फील येत नाही’ असं कुणीतरी म्हणतंच. नको येऊ दे. मोठी दृश्यं हवीच असतील तर जरूर काढा, पण तुकडी ती जागा सोडून गेल्यावरच बाहेर द्या. कॅप्शनमध्ये गावाऐवजी ‘चिन राज्याचा पश्चिम भाग’ एवढं पुरे.

चेहरा लपवायचा तर पाठमोरा घ्या, छायाकृती घ्या. नंतरचा ब्लर ही पळवाट आहे. गोंदण, कान, हातावरचा व्रण, विणलेली पिशवी यांवरून गावातला माणूस बरोबर ओळखतो. झाकावंच लागलं तर पूर्ण अपारदर्शक काळा चौकोन टाका आणि सगळे थर एक करून नवी जेपीईजी काढा. फोनच्या अर्धपारदर्शक मार्करनं रंगवलेला चेहरा ब्राइटनेस वाढवला की पुन्हा दिसतो. चेहरा झाकलाय हे वाचकालाही सांगा.

‘कोपऱ्यातली ती वस्तू काढून टाकतो’

नार्सिसो कोंत्रेरास हा काही नवशिका नव्हता. सीरियाच्या युद्धावरच्या कामासाठी २०१३ चं पुलित्झर मिळवणाऱ्या असोसिएटेड प्रेसच्या चमूत तो होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यानं इदलिब प्रांतात आडोसा घेणाऱ्या एका बंडखोराचा फोटो काढला. खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता. तो त्यानं क्लोन करून, म्हणजे शेजारच्या मातीचे पिक्सेल त्यावर चिकटवून, दडवला. पुढे स्वतःच संपादकांना सांगितलं. संस्थेनं त्याचे जवळपास ५०० फोटो तपासले, दुसरा फेरफार सापडला नाही. तरीही जानेवारी २०१४ मध्ये संबंध तोडले आणि त्याचे फोटो विक्रीतून काढले.

कुणाला ही शिक्षा जास्त वाटेल, पण ती रास्त आहे. तो कॅमेरा फोटोतली सगळ्यात प्रामाणिक वस्तू होता: इथे आणखी पत्रकार हजर होते, हे तो सांगत होता. खटकत असेल तर चौकट कापा, पिक्सेल पुसू नका. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल) जपून ठेवा, स्पर्धेत किंवा वादात तीच मागतात.

‘जरा एक फैर झाड ना’ हे याचंच बिनडोक भावंड. गोळ्या महाग असतात, आवाजानं जागा कळते, आणि फोटो खोटा तो खोटाच.

बाकीच्या, पटापट

पकडलेले सैनिक: तिसऱ्या जिनिव्हा कराराचं १३ वं कलम युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं. अंतर्गत युद्धात ते लागू होतं का, असा कायद्याचा कीस काढत बसू नका, ओळखू येणारा चेहरा घेऊच नका. पळून आलेल्या सैनिकालाही हेच लागू.

अठराच्या आतले: सशस्त्र गटांनी त्यांना भरती करणंच २००० च्या आंतरराष्ट्रीय पूरक कराराला मंजूर नाही. वयाची शंका आली की चेहरा वगळा.

सीमा: परवान्याशिवाय नदी ओलांडणं हा गुन्हा आहे, धाडस नव्हे.

नावांची यादी: कार्डावर नाही, फोनमध्येही नाही. फोटोला क्रमांक द्या, नावं वेगळी आणि कुलूपबंद.

घड्याळ: म्यानमार आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे. दोन कॅमेरे दोन वेळांवर ठेवलेत तर घटनांचा क्रमच उलटतो.

कार्ड: ‘डिलीट’ केलेलं परत मिळतं, झटपट फॉरमॅट केलेलंही. बहुतेक कॅमेऱ्यांत एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय फाइल न उघडण्याची सोय, नाही. डिसेंबर २०१६ मध्ये दीडशेहून जास्त छायाचित्रकार आणि माहितीपटकारांनी कॅमेरा कंपन्यांना खुलं पत्र लिहून ते मागितलं होतं. तोवर रोज रात्री फोटो व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरनं कुलूपबंद केलेल्या डिस्कवर उतरवा, कार्ड पूर्ण फॉरमॅट करा, नंतर निरुपयोगी दृश्यांनी ते काठोकाठ भरा आणि मगच तपासणी नाक्याकडे निघा.

एजन्सीकडे फोटो देताना ‘विशेष सूचना’ या रकान्यात वापराची बंधनं लिहा: कुठल्या देशात नाही, कधीपर्यंत नाही, जुन्या संग्रहातून पुन्हा विक्री नाही. रकाना रिकामा सोडलात तर तोच चेहरा काही वर्षांनी भलत्याच बातमीला ‘दहशतवादी’ म्हणून चिकटवलेला सापडेल, आणि तेव्हा फोन करून उपयोग नसतो.