जुन्या नॅसमध्ये यादीबाहेरच्या मोठ्या डिस्क
नाशकात सिडकोतल्या आमच्या घरी दोन खणांचा जुना नॅस आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवायची डिस्कची पेटी. त्यात ४ टीबीच्या जागी ८ टीबीच्या डिस्क घातल्या, नॅसच्या कंपनीने दिलेल्या चालणाऱ्या डिस्कच्या यादीत नसलेल्या. मॉडेल जुनं झालं की ती यादी कोण वाढवत बसतंय! डिस्क सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) आहे ना, तेवढं बघा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) स्वस्त पडते, पण रीबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर सगळा डेटा पुन्हा उतरवताना, रडवते.

आधी वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्या. रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) म्हणजे बॅकअप नव्हे. मग एकच डिस्क बदला, रीबिल्ड पूर्ण होऊ द्या, स्मार्ट टेस्ट (डिस्कची तब्येत तपासणी) करा, मगच दुसरी. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन व्हॉल्यूम (साठवणीची जागा) वाढवा. काही मॉडेल ते आपोआप करत नाहीत. वळवाच्या दिवसांत नाशकात विजेचा भरवसा नाही, तेव्हा रीबिल्ड यूपीएसवरच. जुन्या डिस्क लगेच पुसू नका.