वेपॉइंट लावून ड्रोन उडवताय? आधी हे बघा

ड्रोनचा रूट मोबाईलवर आखणं सोपं आहे, बोटाने पाच ठिपके (वेपॉइंट, म्हणजे ड्रोनने क्रमाने जायच्या जागा) टाकले की झालं, पण खरी गोची उंचीची असते आणि तिथेच बरेच जण फसतात. ॲपमधली उंची बहुतेक वेळा टेकऑफच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. म्हणजे पायथ्याशी उभं राहून ६० मीटर सेट केलं आणि पुढची टेकडी ७० मीटरची निघाली तर ड्रोन सरळ टेकडीत जाणार! मी आमच्या उसाच्या फडावर पहिल्यांदा रूट लावला तेव्हा आधी हाताने उडवत प्रत्येक ठिपक्यावर थांबलो, कॅमेरा गोल फिरवून बघितलं आणि मगच पॉइंट सेव्ह केला. बांधावरची विजेची तार स्क्रीनवर दिसतच नव्हती, खांब दिसला म्हणून कळलं. ड्रोनच्या अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरवर तर अजिबात विसंबू नका, बारीक तार त्यांना बऱ्याचदा दिसत नाही.

रिटर्न टू होमची (ड्रोन आपोआप टेकऑफच्या जागी परत येतो ती सोय) उंची रूटमधल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा टॉवरपेक्षा २०-३० मीटर जास्त ठेवा, आणि सिग्नल गेला तर ड्रोनने रूट चालू ठेवायचा की परत यायचं ते सेटिंग नक्की बघा (मी परत यायचंच ठेवतो). पहिली फेरी हळू, सेकंदाला ३-४ मीटर, अंगठा पॉज बटणावर. घार घिरट्या घालायला लागली तर सरळ उतरवा.

आणि हो, सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर झोन बघितल्याशिवाय उडवू नका, ग्रीन झोनमध्येसुद्धा (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) मर्यादा जास्तीत जास्त ४०० फुटांचीच आहे.