हिवाळ्यातलं लग्न, लाकडी हॉल आणि पिवळ्या माळा: फोटो कसे काढावेत

दोन कॅमेरा बॉडी, जादा कार्डं, चार्ज केलेले फ्लॅश हे तुम्ही घेतलंच असेल. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात, म्हणून जादाच्या बॅटऱ्या बॅगेत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. तयारीबद्दल एवढं पुरे.

१. आधी सूर्यास्ताची वेळ पाहा

कार्यक्रमाचं वेळापत्रक त्यानंतर. हिवाळ्यात दिवस लहान असतो. लग्न लागून, भेटीगाठी होऊन, नातेवाइकांच्या गराड्यातून जोडपं सुटेपर्यंत बाहेर अंधार झालेला असतो. त्यामुळे दोघांचे बाहेरचे फोटो समारंभाच्या आधीच उरका. तेव्हा एकमेकांसमोर यायचं नसेल, तर निदान वेगवेगळे काढून घ्या. सूर्यास्तानंतर आभाळ गडद निळं असतं आणि हॉलच्या खिडक्या आतून उजळलेल्या दिसतात, ती दहा-पंधरा मिनिटंही आधीच सांगून राखून ठेवा. आयत्या वेळी मागितलीत तर मिळणार नाहीत.

बाहेर बर्फ असेल तर एक ते दीड स्टॉप एक्स्पोजर वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), नाहीतर पांढरं बर्फ राखाडी येतं.

२. गार कॅमेरा तसाच आत नेऊ नका

बाहेरून उबदार हॉलमध्ये शिरलात की लेन्सवर दव धरतं. ते पुसलंत तरी लेन्स गार आहे तोवर पुन्हा धरतं. कॅमेरा बाहेर असतानाच हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि आत आल्यावर अर्धा तास तरी पिशवी उघडू नका. कार्ड आधीच काढून घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे एक बॉडी आतच ठेवायची आणि दुसरी बाहेरच्या कामाला.

३. आतला उजेड

आता खरी डोकेदुखी. या टप्प्याने मला फार छळलंय, आणि यावर मिळणारे सल्ले निम्मेअधिक टाकाऊ आहेत.

अशा जागी तीन प्रकारचा उजेड एकत्र येतो. माळांचे आणि जुन्या धाटणीचे बल्ब साधारण 2700 केल्विनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप), म्हणजे पिवळे. ढगाळ दिवसाचा खिडकीतला उजेड 6500 च्या पुढे, म्हणजे निळसर. तुमचा फ्लॅश 5500 च्या आसपास. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय, यांच्यामध्ये कुठेतरी अडखळतो आणि दर फोटोला मत बदलतो. मग नवरीच्या नाकाची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी दिसते.

‘रॉमध्ये (म्हणजे रंग नंतर बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, नंतर बघू’ हे इथे चालत नाही. व्हाइट बॅलन्स बदलला की सगळी फ्रेम एकाच दिशेला सरकते. निळा गाल सुधारला की नारिंगी गाल आणखी बिघडतो. मग एडिट करताना एकेका चेहऱ्याचा तेवढाच भाग निवडून मास्क काढत बसा, तेही शेकडो फोटोंत.

दुसरा लाडका सल्ला म्हणजे ‘फ्लॅश छताकडे करा’. तो पांढऱ्या, बेताच्या उंचीच्या छतासाठी आहे. इथलं छत उंच, उतरतं आणि तपकिरी लाकडाचं असतं. बराचसा उजेड ते पिऊन टाकतं आणि जो परत येतो तो मळकट पिवळा. वर डोळ्यांखाली सावल्या पडतात त्या वेगळ्याच.

माझा नियम एकच: चेहऱ्यावर एकाच जातीचा उजेड हवा. मागे काय वाटेल तो रंग असू दे. पार्श्वभूमीला पिवळे ठिपके दिसले तर सगळ्यांना आवडतात.

दिवसा हे सोपं आहे. तयारीच्या खोलीतले दिवे सरळ बंद करायला सांगा आणि माणसाला खिडकीशी बसवा. नाही म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

अंधार पडल्यावर फ्लॅशला नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पत्रा, लावा. पूर्ण जेल लावलं तर फ्लॅश बल्बच्या रंगाशी जवळपास मिळून जातो. मी मात्र अर्धं जेल लावतो. त्याने फ्लॅश कंपनीनुसार 3500 ते 3800 केल्विनवर येतो. कॅमेऱ्यातही तोच आकडा हाताने घालायचा, ऑटो बंद. मग कातडी कातडीच्या रंगाची दिसते आणि माळा सोनेरी राहतात. जेलमध्ये साधारण अर्धा स्टॉप उजेड जातो, तेवढा फ्लॅश वाढवा.

आता क्रम महत्त्वाचा. आधी फ्लॅश बंद ठेवून हॉलचं एक्स्पोजर लावा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200, एफ 2 (लेन्सचं छिद्र), शटर 1/100 सेकंद इथून सुरुवात करा आणि खोली डोळ्यांना दिसते त्यापेक्षा एक स्टॉप गडद येऊ द्या. मगच फ्लॅश चालू करा. उलट केलंत तर फ्लॅश मेणबत्त्यांचा जीव घेतो आणि हॉल गोदामासारखा दिसतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावर नको. दोन स्टँड समोरासमोरच्या कोपऱ्यांत, खांबांच्या आडोशाला, डोक्याच्या बऱ्याच वर. समोरच्याला छोटी पांढरी छत्री, मागचा उघडा आणि त्याहून मंद. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, कारण पोरं धावणारच. पाहुणे यायच्या आत कुणालातरी पांढऱ्या शर्टात उभं करून एक फोटो काढा आणि स्क्रीनवर कॉलर मोठी करून पाहा. ती दोन रंगांची दिसली तर अजून कुठूनतरी परका उजेड येतोय. बहुतेक वेळा तो जेवणाच्या टेबलांवरचा एखादा पांढरा एलईडी असतो. तो बंद करवा.

समारंभ चालू असताना फ्लॅश नको म्हणाले तर वाद घालू नका. आयएसओ 6400 वर जा. थोडी रवाळ फ्रेम चालते, हललेली चालत नाही.

४. एलईडीचे पट्टे

स्वस्त एलईडी माळा लुकलुकतात, आणि फोटोत आडवे पट्टे येतात. वीज 50 हर्ट्झची असेल तिथे शटर 1/50 किंवा 1/100, 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 किंवा 1/125. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा, पट्ट्यांचा मोठा गुन्हेगार तोच असतो.

५. नाच

शटर 1/15, रिअर कर्टन सिंक (फ्लॅश शटर बंद होण्याच्या अगदी आधी चमकतो), वाइड लेन्स. घुसा गर्दीत.

६. घरी आल्यावर

कार्डांच्या दोन प्रती झाल्याशिवाय झोपायचं नाही. एडिट करताना एका उजेडातले सगळे फोटो एकत्र घ्या, एकाचा रंग नीट लावा आणि बाकीच्यांवर चढवा. मेणबत्तीच्या उजेडातले फोटो पांढरेशुभ्र करू नका. ती ज्योत 1900 केल्विनच्या आसपासची असते, चेहरा थोडा पिवळा दिसणारच. तयार ‘उबदार’ प्रीसेट तर या फोटोंना अजिबात लावू नका, लाकडाने ते काम आधीच केलेलं आहे.